बांध न जुमानणाऱ्या रेषा : युद्धकाळातल्या छावण्या हवाई छायाचित्रांत कशा ओळखाव्यात

मुरूमाड

नकाशे आणि उपग्रह छायाचित्रे वाचणे हे माझे नोकरीतले काम. त्यातूनच जुन्या लष्करी छावण्यांच्या खुणा शोधण्याचा नाद लागला. दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडे लष्कराने ठिकठिकाणी जमिनी घेतल्या, बरॅकी उठवल्या, धावपट्ट्या आखल्या आणि युद्ध संपल्यावर बहुतेक सगळे सोडून दिले. ज्यांनी ते डोळ्यांनी पाहिले ती पिढी आता जवळपास संपली आहे. जमिनीवरच्या खुणा मात्र बऱ्याच ठिकाणी शिल्लक आहेत आणि त्या बांधकामांखाली भराभर चालल्या आहेत. त्या वाचायला अधिक लोकांनी शिकावे म्हणून हा धागा.

सुरुवात कुठून करायची? आपल्या शेतजमिनीची आखणी उतार, ओढे आणि भाऊबंदांच्या वाटण्या यांनी केलेली असते. बांध वाकडे असतात. गाडीवाट विहिरीला वळसा घालून जाते. छावणी यातले काहीच पाहत नाही. काही महिन्यांत हजारो माणसांची सोय करायची असते, म्हणून कार्यालयात कागदावर आखलेला आराखडा जमिनीवर जसाच्या तसा उतरवला जातो. सरळ रस्ते, सारख्या अंतरावर सारख्या मापाच्या इमारती, प्रत्येक रांगेमागे गटार. म्हणून मी पहिल्यांदा इमारती शोधतच नाही. आजूबाजूच्या बांधांशी कसलाही मेळ नसलेली, पाच-सहा शेते तिरपी कापत जाणारी सरळ रेषा शोधतो. एक सापडली की तिला समांतर दुसरी शोधायची. दोन्हींना काटकोनात छेदणारी तिसरी मिळाली तर त्या जागेवर वेळ घालवण्यात अर्थ आहे.

त्यानंतर छावणीच्या गरजा आठवायच्या. पाणी लागते, म्हणून जवळच्या उंचवट्यावर टाकीचे जोते असते. संडासांच्या रांगा राहत्या भागापासून दूर, सहसा उताराच्या बाजूला असतात. भटारखान्याच्या इमारतींचे माप बरॅकींपेक्षा वेगळे असते आणि तिथे वाहने फिरवायला मोकळी जागा ठेवलेली असते. एक मोठा, सपाट, रिकामा आयत म्हणजे कवायतीचे मैदान. बॉम्बहल्ल्याच्या भीतीने खणलेले चर नागमोडी किंवा काटकोनात वळत जाणारे असतात, म्हणजे एका टोकाला स्फोट झाला तरी त्याचा मारा चरभर जाऊ नये.

सगळ्यात ठळक खूण चांदमारीची, म्हणजे गोळीबाराच्या सरावाच्या जागेची. लांब पट्टा, त्याच्या एका टोकाला मातीचा उंच बांध किंवा कापलेली टेकडी, आणि पट्ट्यावर आडव्या, बुटक्या वरंब्यांच्या ओळी. या ओळींतले अंतर मोजा. गोळीबाराची ठिकाणे १०० गजांच्या टप्प्यांवर असत, म्हणजे साधारण ९१ मीटर. अंतर जुळले तर शंकेला फार जागा राहत नाही.

ठिकाणांचे बोलायचे तर महाराष्ट्रातले एक मोठे उदाहरण आपण रोज लोकलमधून पाहतो. उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धात तिथे कल्याणची लष्करी छावणी होती, दोन हजारांवर बरॅकी असलेली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथे ठेवले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते शहराची कोनशिला बसली. छावणी नाहीशी झाली नाही, तिच्यातूनच शहर वाढले. कॅम्प १ ते ५ ही वस्त्यांची नावे आजही चालू आहेत. वरून पाहिले तर दाट वस्तीतही काही भागांत बरॅकींच्या रांगांची दिशा आणि अंतर ओळखू येते, कारण मालकाने मजला चढवला, पुढे ओटा काढला तरी मूळ जोत्याची ओळ सहसा सुटत नाही.

तिथून जवळच नेवाळीला युद्धकाळातली विमानपट्टी आहे. तिच्यासाठी घेतलेल्या जमिनीवरून जून २०१७ मध्ये शेतकऱ्यांचे मोठे आंदोलन झाले, ते अनेकांना आठवत असेल. ज्यांची जमीन गेली त्यांच्या तिसऱ्या पिढीला तो पट्टा अजून आपला वाटतो. अशा खुणा वाचताना हे मनात असायला हवे.

तुमच्या भागात अशी जागा असेल तर लिहा. वेगळे मत असेल तर तेही लिहा.

---

उल्हासकाठ

मी कॅम्प ४ मध्ये वाढलो. आमच्याकडे पत्त्यात अजूनही बरॅक नंबर येतो, मग खोली नंबर. टपाल त्यावरच पोचते. बाहेरच्या माणसाला गल्लीचे नाव सांगून उपयोग नसतो, बरॅक नंबर सांगितला की रिक्षावाला दारात सोडतो.

बऱ्याच बरॅकींची रचना एकसारखी होती. मध्ये मोठा हॉल आणि दोन्ही टोकांना खोल्या. आमचे आजोबा सांगायचे की हॉलमध्ये गोणपाटाचे आणि साड्यांचे पडदे लावून कुटुंबे राहिली. पुढे पडद्यांच्या जागी कुडाच्या आणि मग विटांच्या भिंती आल्या. तुम्ही म्हणता ती जोत्याची ओळ त्यामुळेच टिकली असणार. प्रत्येकाच्या वाट्याला हॉलचा एक तुकडा आला होता आणि त्या तुकड्याबाहेर जायला शेजारी देत नव्हता.

एक भर घालतो. रेल्वेच्या पश्चिमेला कॅम्प १, २, ३ आणि पूर्वेला ४ आणि ५. वरून पाहताना रूळ हाच मधला अक्ष धरा. छावणी इथे होण्याचे कारण रेल्वे आणि जवळची उल्हास नदी हेच असणार. माणसे आणि सामान रुळांवरून, पाणी नदीचे.

आता पुनर्विकासात एकेक बरॅक पाडली जाते आहे. लोकांना चांगली घरे मिळावीत, त्याबद्दल दुमत नाही. पण पाडण्याआधी कुणी माप घेऊन, चार फोटो काढून ठेवत नाही, याचे फार वाईट वाटते. दोन इतिहास एकाच भिंतीत आहेत.

---

तांबडमाती

धागा उत्तम. पण सरळ रेषा दिसली म्हणून छावणी म्हणण्याआधी महाराष्ट्रात दहा गोष्टी तपासाव्या लागतात. मी भूजल सर्वेक्षणाच्या कामात फिरले आहे, त्यावरून सांगते.

पुनर्वसित गावठाणे सगळ्यात फसवी. कोयना, उजनी, जायकवाडी अशा धरणांखाली गावे गेली आणि माळावर काटकोनी गल्ल्यांची नवी गावठाणे आखली गेली. वरून तंतोतंत छावणी. काही गावठाणे अर्धीच वसली, काही सोडली गेली, तिथे नुसते रस्ते आणि जोती उरली आहेत.

१९७२ च्या दुष्काळातली कामे हा दुसरा प्रकार. माळावरून कुठेही न पोचणारा सरळ रस्ता दिसला तर तो रोजगार हमीच्या आधीच्या दुष्काळी कामाचा असू शकतो. जवळ पाझर तलाव आहे का पाहा. डोंगरउतारावरच्या समांतर रेषा म्हणजे बहुतेक वेळा सलग समतल चर. त्या उताराची वळणे पाळतात, छावणीचे चर पाळत नाहीत, त्यामुळे तो गोंधळ लवकर सुटतो.

पोल्ट्रीच्या शेड तर बरॅकींसारख्याच लांबट आणि समांतर. शेड पाडली की जोते तसेच दिसते. फरक संख्येत आहे. पोल्ट्रीच्या चार-सहा शेड असतात, त्यांना कवायतीचे मैदान नसते, संडासांची रांग नसते.

आणि गोल खुणा! तंबूभोवती पावसाचे पाणी जायला चर खणत, त्याचे वर्तुळ राहते हे खरे. पण आपल्याकडे जुन्या खळ्यांची वर्तुळे शेताशेतांत आहेत. धनगरांनी मेंढ्या बसवलेल्या जागाही खतामुळे पुढच्या पिकात वेगळ्या दिसतात. एकटे वर्तुळ असेल तर खळेच समजावे. तंबूंची वर्तुळे रांगेने आणि सारख्या मापाची असतात.

---

मुरूमाड

तांबडमातीताई, ही यादी मी छापून भिंतीवर लावणार आहे. पुनर्वसित गावठाणांसाठी एक उपाय : जुने स्थलदर्शक नकाशे. धरणाआधीच्या आवृत्तीत ती आखणी नसेल तर प्रश्न मिटला.

---

ब्रॉमविचकर

नमस्कार. बरीच वर्षे बर्मिंगहॅमजवळ राहतो. इथून उत्तरेला कॅनक चेस नावाचा झुडपांचा माळ आणि जंगल आहे. पहिल्या महायुद्धात तिथे ब्रॉक्टन आणि रूजली अशा दोन प्रचंड प्रशिक्षण छावण्या होत्या. एका वेळी सुमारे ४०,००० सैनिक राहू शकत. स्वतःची रेल्वे होती, रुग्णालय होते, चांदमाऱ्या होत्या, नंतर जर्मन युद्धकैद्यांची छावणीही झाली. युद्धानंतर लाकडी बरॅकी लिलावात विकल्या गेल्या. त्यातली एक दुसऱ्या गावात सभागृह म्हणून वापरात होती, ती परत आणून आता माळावर उभी केली आहे.

हे लिहायचे कारण असे की तिथे बरॅकी गेल्या पण जमीन कधी नांगरली गेली नाही. त्यामुळे उतारावर बरॅकींसाठी कापलेले सपाट टप्पे शंभर वर्षांनीही जागेवर आहेत. पायी फिरताना मात्र काही कळत नाही. बाभळीच्या बनात फिरावे तसे नेचे आणि झुडपे कमरेपर्यंत. विमानातून लेझर किरण सोडून जमिनीची उंची मोजतात त्या लायडार पद्धतीने झाडोरा गणिताने बाजूला काढता येतो, आणि मग उघड्या जमिनीवर रांगाच्या रांगा, रस्ते, चर सगळे उमटते. इंग्लंडच्या बऱ्याच भागाचा असा विदा (मोजमापांची माहिती) सरकारने सर्वांना मोफत दिला आहे. घरी बसून पाहता येतो.

त्या माळावरची मला सर्वांत विलक्षण वाटणारी जागा म्हणजे मेसिनची प्रतिकृती. जून १९१७ मध्ये बेल्जियममधले मेसिन गाव न्यूझीलंडच्या सैन्याने जिंकले. त्याच सैन्याच्या तुकड्या पुढे इथे तळ ठोकून होत्या. त्यांनी जर्मन कैद्यांकडून त्या गावाची आणि भोवतालच्या खंदकांची छोट्या मापातली प्रतिकृती जमिनीवर बांधून घेतली, प्रशिक्षणासाठी. २०१३ मध्ये तिचे उत्खनन झाले, मोजमाप घेतले आणि संरक्षणासाठी ती पुन्हा मातीने झाकली. छावणीच्या आत दुसऱ्या देशातल्या रणभूमीची खूण. छायाचित्रात एखादी आकृती भोवतालच्या आखणीच्या मापात बसत नसेल तर ती चूक समजून सोडून देऊ नका, हे मी तिथे शिकलो.

---

भीमथडी

वाचतोय आणि फार आवडतेय. एक प्रश्न बरेच दिवस मनात आहे. पानिपतावर भाऊसाहेबांची छावणी नोव्हेंबर १७६० पासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत होती आणि तिच्याभोवती खंदक खणला होता. एवढा मोठा खंदक वरून दिसू शकेल का? तसेच आमच्याकडे माचणूर-ब्रह्मपुरीला भीमेकाठी औरंगजेबाचा तळ १६९५ पासून चार वर्षे होता. किल्ला आहे, पण तळाचे काय?

---

खंदक

भीमथडी, मी पुरातत्त्वात काम करतो. तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न आहेत, सावकाश घेतो.

बुजलेला खंदक दिसतो कसा? खंदक खणला की आजूबाजूच्या कठीण थराला भोक पडते. पुढे तो हळूहळू गाळाने आणि सैल मातीने भरतो. वर नांगर फिरतो, जमीन सपाट होते. पण खाली त्या पट्ट्यात माती खोल आणि ओल जास्त. पिकाला ताण पडायला लागला की आजूबाजूचे पीक आधी पिवळे पडते आणि खंदकावरचे हिरवे, उंच राहते. जोत्यावर, फरसबंदीवर उलटे होते, मुळांना माती कमी म्हणून पीक खुरटते आणि आधी वाळते. हा फरक थोडेच दिवस दिसतो. पाऊस चांगला झाला तर दिसतही नाही. २०१८ च्या कडक उन्हाळ्यात ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये कधी न दिसलेल्या खुणा शेतांत उमटल्या, त्या याच कारणाने.

हे किती दूर नेता येते त्याचे उदाहरण फ्रान्समधले अलेसिया. इसवी सनपूर्व ५२ मध्ये रोमन सेनापती सीझरने तिथल्या गॉल लोकांना वेढले. आत कोंडलेल्यांसाठी एक तटरेषा आणि बाहेरून येणाऱ्या मदतीला थोपवायला दुसरी, तिच्याहून लांब. तिसऱ्या नेपोलियनने १८६१ ते १८६५ मध्ये तिथे खोदकाम करवले. पण जागा हीच का, यावर वाद चालूच राहिला. रने गोगे या माणसाने विसाव्या शतकात वर्षानुवर्षे विमानातून त्या शेतांची छायाचित्रे घेतली आणि गव्हाच्या पिकात खंदकांच्या रेषा टिपल्या. मग १९९१ ते १९९७ मध्ये फ्रेंच आणि जर्मन पथकांनी एकत्र उत्खनन केले, आणि रेषा जिथे दिसत होत्या तिथे खंदक निघाले. दोन हजार वर्षे नांगरलेल्या जमिनीत!

रोमन छावण्या ओळखणे त्या मानाने सोपे, कारण आकार ठरलेला : पत्त्याच्या पानासारखा आयत, कोपरे गोलाकार, दारांसमोर संरक्षणासाठी छोटा आडवा खंदक. २०२३ मध्ये ऑक्सफर्डच्या अभ्यासकांनी जॉर्डन आणि सौदी अरेबियाच्या वाळवंटात अशा तीन छावण्या साध्या गूगल अर्थवर शोधल्या. तिथे शेती नाही, वस्ती नाही, म्हणून टिकल्या. मृत समुद्राकाठच्या मसादा किल्ल्याभोवतीचे वेढ्याचे आठ तळ तर दगडी भिंतींसह नजरेला पडतात.

आता पानिपत. खंदक ही खुणेच्या दृष्टीने उत्तम गोष्ट. परिस्थिती मात्र प्रतिकूल. शहर वाढले, भात आणि गहू दोन्ही बारमाही पाण्यावर, त्यामुळे पिकाला ताणच पडत नाही. यमुनेच्या पुराचा गाळ आहे. शिवाय मराठ्यांच्या छावणीला रोमन छावणीसारखा ठरीव आकार नव्हता. लाखभर माणसे, बाजारबुणगे, जनावरे, आणि मध्ये खुद्द पानिपत गाव. आकार माहीत नसेल तर दिसलेल्या रेषेला नाव देणे अवघड. प्रयत्न करायचा तर हरितक्रांतीच्या आधीच्या छायाचित्रांवर करावा आणि रेषा मिळाली तरी जमिनीत छेद घेतल्याशिवाय काही बोलू नये. त्या रणावर आपल्यातल्या कितीतरी घराण्यांची माणसे पडली आहेत. तिथे घाईने बोट ठेवणे बरे नव्हे.

ब्रह्मपुरीबद्दल मला आशा कमी आहे. कापडी तंबूंचा तळ जमिनीत खोल जात नाही, आणि भीमेच्या पुरांनी काठ अनेकदा धुतला आहे. चार वर्षांच्या वस्तीचा कचरा, राख, खापरे मात्र मातीचा रंग बदलतात. उन्हाळ्यात नांगरून पडलेल्या रानात फिकट डाग शोधावेत.

---

काळीतला

खंदक सर, एक शेतकरी म्हणून थोडे वेगळे सांगतो. तुम्ही म्हणता ते पिकातले फरक युरोपच्या जमिनीत बसत असतील. आमची भारी काळी उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. वरची माती भेगांत पडते, पावसाळ्यात फुगते, खालची वर ढकलली जाते. जमीन स्वतःलाच नांगरते. अशा रानात उथळ चर कितीसा टिकणार?

माझ्या पाहण्यात खुणा टिकतात त्या मुरमाड माळावर आणि हलक्या रानात. तिथे जोते खणले की मुरूम उघडा पडतो आणि पुन्हा झाकत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात गवत वाळायला लागले की आधी जोत्यावरचे वाळते, आठ-दहा दिवस चौकोन अगदी लख्ख दिसतात.

काळीत पाहायचेच असेल तर कोरडवाहू हरभरा किंवा रब्बीची ज्वारी पाहा, जानेवारीच्या सुमाराला. ऊस असलेल्या रानात काही शोधू नका. ठिबक आल्यापासून तर सगळेच पीक एकसारखे. राखेचे आणि जुन्या वस्तीचे डाग मात्र काळीत खरोखर दिसतात. गावाच्या पांढरीची माती काळ्या रानात वरून वेगळी कळते, नांगरट झाल्यावर जास्तच.

---

खंदक

अगदी बरोबर आणि महत्त्वाचे. काळ्या मातीच्या या उलथापालथीमुळे दख्खनमध्ये पिकांवरच्या खुणांचा अभ्यास मागे राहिला, असे माझेही मत आहे. आपल्याकडे मातीचा रंग, उन्हातले गवत आणि कमी उंचीच्या सूर्याच्या सावल्या यांवर जास्त भर द्यावा.

सावल्यांवरून आठवले. बहुतेक उपग्रह छायाचित्रे सकाळी साडेदहाच्या आसपासची असतात. हिवाळ्यात सूर्य तेव्हा आग्नेयेला, म्हणून सावली वायव्येला पडते. उत्तर वर ठेवून पाहिले तर डोळ्याला खड्डा उंचवटा वाटतो आणि उंचवटा खड्डा. चित्र उलटे फिरवून सावली आपल्याकडे येईल असे धरा, लगेच सुटते. चांदमारीचा बांध आणि तिच्यासमोरचा चर यांची अदलाबदल नवख्या माणसाकडून इथेच होते.

---

रेवती_ठाणे

हरितक्रांतीच्या आधीची छायाचित्रे सामान्य माणसाला मिळतात का? की ती फक्त सरकारी कचेऱ्यांत?

---

मुरूमाड

मिळतात, आणि हा भाग मला मनापासून सांगायचा आहे.

अमेरिकेने १९६० ते १९७२ या काळात कोरोना नावाचे हेरगिरी उपग्रह सोडले. छायाचित्रे खऱ्या फिल्मवर घेतली जात. फिल्मची कुपी पॅराशूटने खाली येई आणि विमान ती हवेतच झेलून घेई. १९९५ मध्ये त्यातली साडेआठ लाखांहून अधिक छायाचित्रे खुली झाली, पुढे २००२ आणि २०११ मध्ये इतर हेरगिरी उपग्रहांची. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या अर्थ एक्सप्लोरर या संकेतस्थळावर खाते उघडून आपला भाग निवडता येतो. आधी कुणी स्कॅन करून घेतलेले चित्र मोफत उतरवता येते. न केलेल्याचे पैसे भरावे लागतात.

शेवटच्या काळातल्या कोरोना कॅमेऱ्याची क्षमता साधारण १.८ मीटर. म्हणजे सहा मीटर रुंदीची बरॅक चित्रात तीन-चार ठिपक्यांएवढी. एकटी ओळखणे कठीण, वीस बरॅकींची रांग ओळखणे शक्य. महाराष्ट्रासाठी या चित्रांचे मोल फार आहे. उजनीचे पाणी भरण्याआधीचा भीमेचा काठ त्यात आहे, जायकवाडीखाली गेलेला गोदाकाठ आहे, ट्रॅक्टर आणि ऊस सगळीकडे पोचण्याआधीची शेते आहेत. युद्ध संपून तेव्हा जेमतेम वीस वर्षे झाली होती.

अडचण अशी की कॅमेरा बाजूला झुलत चित्र घेई, त्यामुळे पट्टीच्या टोकांना जमीन ताणलेली दिसते. क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक प्रणालीत आजच्या नकाशावर बसवताना जुनी देवळे, रेल्वेचे पूल, दगडी विहिरी असे न हललेले बिंदू घ्या. नदीचा काठ घेऊ नका. आणि पट्टीचा मधला तुकडाच वापरा.

युद्धकाळातलीच छायाचित्रे हवी असतील तर एडिंबरोच्या राष्ट्रीय हवाई छायाचित्र संग्रहात तीन कोटींहून अधिक चित्रे आहेत. ब्रिटिश हवाई दलाने आग्नेय आशियात घेतलेलीही त्यांत आहेत. ब्रॉमविचकर, तुम्ही तिथल्या तिथे आहात, कधी चौकशी कराल का?

---

ब्रॉमविचकर

करतो. संग्रहात सगळी चित्रे सूचीबद्ध झालेली नाहीत, त्यामुळे ठिकाण नेमके अक्षांश-रेखांशांसह द्यावे लागेल. एक सांगतो, त्या काळातली चित्रे एकमेकांवर साठ टक्के चढवून घेत. अशी जोडी त्रिमितीच्या चष्म्यातून पाहिली की इमारती उठून उभ्या राहतात. युद्धकाळात इंग्लंडमधल्या मेडनमला बसणारे ब्रिटिश हवाई दलाचे छायाचित्र-विश्लेषक याच पद्धतीने काम करत, जर्मनीतल्या पेनेमुंडेचे उडते बॉम्ब तिथेच एका तरुण अधिकारी स्त्रीने, कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथने, ओळखले. तेव्हा मिळाली तर जोडीच मागवू.

---

गोदातीर

देवळालीचे कुणी लिहिले नाही. नाशिकजवळ एवढी जुनी छावणी, दोन्ही महायुद्धांत हजारो सैनिक येता-जाता थांबलेले. मी तिथे ड्रोन उडवून पाहावा का?

---

मुरूमाड

गोदातीर, कृपया नको. देवळाली चालू लष्करी ठाणे आहे, फाळणीनंतर तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र तिथे आले. ड्रोनसाठी तो भाग बंद आहे आणि असायलाच हवा. या धाग्यावर एवढी मर्यादा पाळू या : लष्कराने सोडलेल्या जागांबद्दलच लिहायचे, वापरातल्या ठाण्यांची चित्रे किंवा खुणा टाकायच्या नाहीत. देवळालीचा इतिहास लिहायला जुनी पत्रे, पोस्टकार्डे, घरातल्या आठवणी भरपूर आहेत. तसा धागा तुम्ही काढलात तर मी पहिला वाचक.

---

करवीरकाठ

कोल्हापूरचे वळिवडे या धाग्यात बसते का? १९४३ ते १९४८ मध्ये तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुले. बरॅकीच होत्या. नंतर तिथेच सिंधी निर्वासित आले आणि आजचे गांधीनगर झाले, कापडाची बाजारपेठ.

---

मुरूमाड

बसते, तुलनेसाठी तर फारच. बरॅकींच्या रांगा लष्करी छावणीसारख्याच, कारण आखणी करणारे हात आणि मापे त्याच काळातली. पण कुटुंबांची वस्ती असल्याने शाळा, चर्च, खेळाची जागा आत आली, आणि चांदमारी, वाहनतळ, दारूगोळ्याचे कोठार यांची गरज नव्हती. दारूगोळ्याचे कोठार नेहमी वस्तीपासून लांब, एकेकटे, भोवती मातीचा बांध घालून बांधत. ते दिसले तर छावणी लष्करी, न दिसले तर शंका घ्यायची. भोपाळचे बैरागढही असेच : आधी इटालियन युद्धकैद्यांची छावणी, मग सिंधी निर्वासितांची वस्ती. कैद्यांच्या छावणीला कुंपणाची दुहेरी रेषा आणि कोपऱ्यांवर मनोरे असत. कुंपण गेले तरी त्याला लागून रोज गस्त घातलेली वाट काही वेळा राहते.

---

उल्हासकाठ

मुरूमाड, तुमच्या पहिल्या लेखनावरून काल आमच्या गल्लीतल्या दोन बरॅकींची मापे घेतली. वडील सोबत होते, ते मूळ भिंत कुठली आणि नंतरची कुठली ते हात लावून सांगत होते. शेजारच्या ताईंनी हॉलच्या छताची जुनी कैची अजून ठेवली आहे, तिचाही फोटो काढला. हे कुठे आणि कसे नोंदवू?

---

मुरूमाड

फार चांगले काम केलेत. प्रत्येक बरॅकीसाठी एक पान करा. वर बरॅक नंबर, खाली लांबी-रुंदी, भिंतीची जाडी, जोत्याची उंची, बरॅकीची दिशा होकायंत्राने, आणि शेजारच्या बरॅकीपर्यंतचे अंतर. अंतर विसरू नका, कोरोनाच्या चित्राशी ताडून पाहायला तेच सर्वांत उपयोगी पडते. फोटो काढताना चौकटीत मोजपट्टी ठेवा. वडिलांनी सांगितलेले त्यांच्याच आवाजात फोनवर ध्वनिमुद्रित करा आणि भिंत दाखवताना बरॅक नंबर मोठ्याने बोलायला सांगा. घरात राहणाऱ्यांची नावे धाग्यावर टाकू नका, त्यांच्या परवानगीने वहीत ठेवा. कॅम्प ४ चे कोरोनाचे चित्र मी या आठवड्यात आजच्या नकाशावर बसवून देतो. दोन बरॅकींची मापे त्यावर जुळली की बाकीच्या रांगा मोजायला घेऊ. कॅम्प ५ मधले कुणी वाचत असेल तर हात वर करा.

---

कॅम्पपाच

मी आहे. रविवारी सकाळी मोजपट्टी घेऊन निघते.